भाज्याचा पुढारी

लोणावळे,
ता. ८ ऑक्टोबर १९३४

प्रिय निजाम,

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की बी.ए. झालेल्या पोरांना तुमचं लोककारभार विद्यालय आणखी काय शिकवतं, आणि ती घोड्याएवढी पोरं अजून किती वर्षं शिकणार. तर ऐक. नगरपालिका, लोकल बोर्डं, लहानमोठी संस्थानं यांचा कारभार कसा चालवावा हे आम्ही शिकवतो. आमचा स्वतःचा कारभार चालवणं मात्र तीन डीन होऊन गेले तरी कुणाला जमलेलं नाही. डीन म्हणजे शाळेतल्या हेडमास्तरसारखाच, फक्त पगार जास्त आणि शिकवणं कमी.

तिघांचाही पूर्वेतिहास असा, की चौकट करून भिंतीवर लावावा. पहिले एका संस्थानचे दिवाण होते. ते वर्गात आले की विद्यार्थ्यांनी मुजरा करायचा, आणि रजेचा अर्ज नारळाशिवाय घ्यायचे नाहीत. चार महिन्यांत ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा नारळ जास्त झाले. दुसरे फौजेतले कर्नल. अर्थशास्त्राचा तास ते भुशीच्या तलावापर्यंत कूच करत घ्यायचे, आणि मागे पडेल त्याला नापास. तिसरे मोठे पुढारी, उभ्या आयुष्यात तीन पक्ष काढलेले. आमचे विद्यार्थी सगळे मिळून बावीस, त्यांत त्यांनी चार गट पाडले आणि पाचवा स्वयंपाक्यांचा. शेवटी मोर्चा निघाला तो आमच्या संस्थापक शेठजींच्याच बंगल्यावर, आणि मोर्चाच्या पुढे स्वतः डीन. शेठजी मागच्या दाराने गेले ते मुंबईला जाऊन थांबले.

तेव्हापासून मी कामचलाऊ डीन आहे. या काळात इथे काहीही घडलेलं नाही. तास वेळेवर होतात, जेवण वेळेवर होतं, कुणी कुणाशी भांडत नाही. मला वाटायचं की हे माझं यश आहे. पण आता कायमचा डीन नेमायचा आहे आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिलं आहे, "उमेदवाराने आजवर माणसांचे नेतृत्व केल्याचा पूर्वेतिहास द्यावा." माझ्यासमोर जे उमेदवार आहेत, त्यांतल्या एकाने म्हणे दुष्काळात अख्खा जिल्हा सांभाळला होता. मी काय लिहिणार? मी लिहिलं, "भाजे या जन्मगावी सार्वजनिक कार्यात बालपणापासून पुढाकार."

निजाम, हे लिहून मी फसलो आहे. निवड समितीचे जज्जसाहेब, म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, फार काटेकोर आहेत. ते म्हणाले, गावात जाऊन खात्री करू. येत्या आठवड्यात ते भाज्याला येतील. ही जागा गेली तर नवा डीन आपली माणसं आणणार, आणि पुण्याची नोकरी तर मी सोडून बसलोय. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कोण दारात उभं करील? इकडे आमच्या घरचं सरकार, म्हणजे शालूबाई, डीनच्या बंगल्याच्या खिडक्या मोजून आली आहे आणि पडद्यांचं कापडही आणलं आहे.

तेव्हा तूच शांतपणे आठवून सांग, मी कशात पुढाकार घेतला होता? आणि गावातल्या चार माणसांनाही त्याची आठवण करून दे.

तुझा,
महिपती

*

मळवली स्टेशन,
ता. ११ ऑक्टोबर १९३४

प्रिय महिपती,

तुझं पत्र आलं. तू सांगितल्याप्रमाणे शांतपणे आठवलं. दोन दिवस दुकानात बसून दुसरं काही केलं नाही. गिऱ्हाईकाला सुपारीऐवजी गूळ बांधून दिला.

आंबे चोरायला आपण गेलो होतो, ते पहिलं आठवलं. पण त्यात पुढे मी होतो. तुला झाडाखाली राखणीला ठेवलं होतं, तर तू तिथेच झोपलास, आणि ज्याचे आंबे होते त्यानेच तुला खांद्यावर टाकून घरी पोचवलं. हे जज्जसाहेबांना सांगण्यासारखं नाही. मग लेण्यांचं आठवलं. तो गोरा साहेब लेणी बघायला आला होता, तेव्हा वाट दाखवायला तू पुढे आणि साहेब मागे, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. हा पुढाकारच झाला. पण तू त्याला लेण्यांऐवजी लोहगडाच्या रानात नेलंस आणि दिवेलागणीला साहेबच तुझा हात धरून खाली आला. निम्मीच हकीकत सांगायची तर चालेल.

खरं सांगू का, महिपती, तू कधी कुणाच्या पुढे गेलाच नाहीस. पंगतीत बसायलासुद्धा तू शेवटी. पण त्याचं काही नाही, माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलतील. गावात तुझं वाईट कोण बोलणार?

आता एक अडचण. आमच्या मदिनाच्या मुलाचं जावळ आहे, आणि आजोबाने जावळाला गैरहजर राहायचं नसतं, असं तिच्या आईने, अकबरीने, मला सांगितलं आहे. उद्या आम्ही तळेगावला निघतोय, आठवडाभर तिथेच. पण तू घोर लावून घेऊ नकोस. तुझ्या थोरल्या बहिणीला, धोंडाक्काला, मी सगळं सांगून ठेवलं आहे. मी म्हणालो, "अक्का, लोणावळ्याहून एक साहेब महिपतीची चौकशी करायला येणार आहे. गावाने नीट सांभाळून घ्यायचं." ती म्हणाली, "तू बिनघोर जा. माझ्या भावाच्या केसाला धक्का लागू द्यायची न्हाई." एवढी खात्री दिल्यावर आणखी काय पाहिजे?

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा नाही.

निजाम तांबोळी

*

मळवली स्टेशन,
ता. २० ऑक्टोबर १९३४

प्रिय महिपती,

आधी बस, पाणी पी आणि मगच पुढे वाच.

काल तळेगावहून आलो. स्टेशनावर उतरलो तोच हौशीराम भेटला आणि कानाशी लागून म्हणाला, "निजामभाई, वाचवलं बगा आमी महिपतीला." मी विचारलं, कशातून? तेव्हा जे कळलं ते सांगतो.

जज्जसाहेब मंगळवारी आले. डोक्यावर सोला हॅट, मागे खाकी डगला आणि पितळी बिल्ला लावलेला पट्टेवाला, त्याच्या मागे कारकून. चावडीवर खुर्ची मांडून बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "महिपती केदारी यांनी या गावात कशाकशाचं पुढारीपण केलं? त्यांच्या मागून कोण कोण गेलं? नावं सांगा."

तू आता लोणावळ्याचा झालास, तुझ्या लक्षात येणार नाही. दोन वर्षांपूर्वी, कायदेभंगाच्या धामधुमीत, असाच एक टोपीवाला साहेब मागे खाकी शिपाई घेऊन आला होता आणि त्याने विचारलं होतं, इथला पुढारी कोण. तेव्हा सगळे गप्प बसले. हौशीरामला वाटलं, एवढ्या मोठ्या गावात पुढारी नाही म्हणजे गावाची अब्रूच गेली. तो छाती काढून म्हणाला, "मी हाय की." सहा महिने आत होता. कशाबद्दल, ते त्याला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून भाज्यात हा प्रश्न कुणी विचारला की शेंबडं पोरसुद्धा सांगतं, हितं कुणी पुढारी न्हाई.

त्यात मी, म्हणजे शहाणाच, सांगून ठेवलेलं की चौकशी होणार आहे, सांभाळून घ्या. धोंडाक्काने आदल्या दिवशी घरोघर जाऊन बजावलं होतं. मग काय विचारतोस, गावाने असं सांभाळलं की बोलायची सोय नाही.

अंबाजी पाटील म्हणाले, "महिपती व्हय? त्याच्या मागनं कुत्रं जात न्हाई, सायेब." गेणूने सांगितलं, "शेळ्या राखाय धाडला तर शेळ्याच त्याला घरी आणायच्या." तुझी विठाबाई मावशी तर रडली. म्हणाली, "गरीब हाय वो लेकरू. त्याला कशाची अक्कल न्हाई, त्यो काय पुढारीपण करतूय?" साहेबांनी विचारलं की सार्वजनिक कामात एकदा तरी पुढाकार घेतला असेल? तेव्हा चावडीतले सगळे एका सुरात म्हणाले, "एकदाबी न्हाई."

सगळ्यांत शेवटी धोंडाक्का उठली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मी त्याची सख्खी भन हाय, मी खोटं बोलायची न्हाई. त्याचं त्याची बायकूबी ऐकत न्हाई. गाव कुटनं ऐकंल?"

कारकुनाने हात दुखेपर्यंत सगळं लिहून घेतलं म्हणे. जज्जसाहेब जाताना फार खूश दिसत होते, त्यामुळे गावाला वाटतंय की तू सुटलास. धोंडाक्काने काल देवीला पुरणाचा नैवेद्य केला, मलाही पानभर पाठवला. तो घशाखाली उतरला नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? हसलोही मी फार. आता हे पत्र लिहिताना मात्र हसू येत नाही.

चूक माझी आहे. अक्काला सगळं फोड करून सांगायला हवं होतं.

निजाम

*

लोणावळे,
ता. २२ ऑक्टोबर १९३४

प्रिय निजाम,

पाणी प्यालो. दोन तांबे प्यालो.

काल जज्जसाहेब वाटेत भेटले. माझ्याकडे बघून इतके गोड हसले, की मला घाम फुटला. फाशीची शिक्षा देणारी माणसं अशीच हसत असतील. मी विचारलं, "भाज्याला जाऊन आलात?" तर म्हणाले, "फार समाधानकारक माहिती मिळाली." माणसाने टोमणा मारावा तर एवढा तरी नको.

शेळ्यांचं गेणूने सांगायलाच हवं होतं का? आणि अक्काला माझ्या संसारात डोकावायला कुणी सांगितलं? शालूबाईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तेवढी एक ओळ गाळून. तिने पत्र मागून घेतलं, ती ओळ स्वतः वाचली आणि काही न बोलता पडद्यांचं कापड ट्रंकेत टाकलं. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

समितीची बैठक येत्या रविवारी, २८ तारखेला सकाळी आहे. दुष्काळात जिल्हा सांभाळलेले गृहस्थ आधीच येऊन उतरले आहेत. त्यांची पंधरा प्रशस्तिपत्रं आहेत. माझ्यासाठी गाव उभं राहिलं ते असं. मला राग कुणाचा येतो म्हणशील, तर माझाच. त्यांनी सांगितलं त्यातलं खोटं एक अक्षर नाही, हे तू आणि मी दोघंही जाणतो. तीच गोष्ट मला लागली आहे.

एकच विनंती आहे. गावाला यातलं काही सांगू नकोस. त्यांनी जिवापाड केलं, त्यांना वाईट वाटेल. आणि कृपा करून कुणी काही दुरुस्त करायला जाऊ नये. इकडे कुणीही येऊ नये. मला शांतपणे बुडू द्या.

महिपती

*

मळवली स्टेशन,
ता. २५ ऑक्टोबर १९३४

प्रिय महिपती,

तुझं पत्र यायच्या आधीच मी गावाला सांगून बसलो होतो. राहवलं नाही रे. दुकानात जो येईल तो "महिपती सुटला ना?" म्हणून विचारायचा. शेवटी धोंडाक्कालाच खरं काय ते सांगितलं. म्हणालो, अक्का, तो साहेब धरायला आला नव्हता, मोठं पद द्यायला आला होता, आणि त्या पदाला पुढारीच लागतो.

ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजी मीच माज्या भावाच्या ताटात माती कालवली." मी खूप समजावलं, पण त्या दिवशी ती जेवली नाही. मग सगळं गाव चावडीवर जमलं. गेणू शेळ्यांची गोष्ट परत घ्यायला तयार झाला. विठाबाई मावशी म्हणाली, अक्कल आहे असं सांगू. अंबाजी पाटलांनी सांगितलं, सांगून काही होत नाही, साहेबलोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

तेव्हा आता घोर लावून घेऊ नकोस. गाव सगळं निस्तरणार आहे. कसं, ते मला विचारू नकोस, मला शपथ घातली आहे. तू येऊ नका म्हणून लिहिलंय ते मी चावडीवर वाचून दाखवलं. हौशीराम म्हणाला, "लाजतंय ते."

मला रविवारी दुकान सोडता येत नाही, पुण्याची मंडळी लेणी बघायला येतात. पण ध्यान तुझ्याकडेच राहील.

निजाम

*

लोणावळे,
ता. २९ ऑक्टोबर १९३४

प्रिय निजाम,

तू आला नाहीस ते तुझ्या नशिबाने. आता मीच सांगतो, तू दुकान बंद करून वाच.

काल सकाळी हॉलमध्ये समिती बसली होती. शेठजी मधोमध, शेजारी जज्जसाहेब. दुष्काळवाले गृहस्थ प्रशस्तिपत्रं वाचत होते, नवव्यापर्यंत आले होते. एवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. मला वाटलं कुणाची तरी वरात आहे. मग लेझीम ऐकू आली. मग हौशीरामचा आवाज: "भाज्याचा पुढारी कोण?" आणि पाठोपाठ पन्नास गळ्यांतून: "महिपतराव केदारी!"

फाटकातून अख्खं गाव आत आलं. पुढे हौशीराम, फेटा बांधून. त्याच्यामागे लेझीमचं पथक, पाटील, बाया, पोरं. विठाबाई मावशीच्या हातात आरतीचं ताट. मागच्या मोर्चाच्या आठवणीने शेठजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मागचं दार कुठे आहे ते बघून घेतलं. जज्जसाहेब मला म्हणाले, "केदारी, ही तुमची माणसं आहेत. त्यांना थांबवा."

मी व्हरांड्यात गेलो. हात वर केला आणि म्हणालो, "थांबा." लेझीमचा जोर वाढला. मी म्हणालो, "बसा तरी." जे बसले होते तेही उठून उभे राहिले. शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "कृपा करून परत जा." तेव्हा अंबाजी पाटील म्हणाले, "जाऊ की. घाई काय हाय? चा तरी हू दे." आणि अक्का पायऱ्या चढून वर आली, समितीच्या देखत माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "लय वाळलास रं. जेवाय घालती का न्हाई बायकू?" शालूबाई खिडकीतच उभी होती. दोघींची तिथेच जुंपली. मी मध्ये पडलो तर दोघीही मला म्हणाल्या, तू गप बस.

मी मागे वळून बघितलं. समिती खिडकीशी येऊन उभी होती, आणि शेठजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. दुष्काळवाल्या गृहस्थांनी पुढे येऊन एकदाच, "चूप," असा आवाज दिला. सगळं गाव एका क्षणात चूप झालं. मला वाटलं, संपलं. जागा गेली.

गाव चार वाजेपर्यंत इथेच होतं. खाणावळीत पिठलं-भात केला. मी भात वाढत होतो. आमच्या पोरांना हौशीराम लेझीम शिकवत होता. निरोप घेताना अक्का म्हणाली, "आता दिली का रं तुला जागा?" मी म्हणालो, बघू.

आज सकाळी ठराव हातात पडला. मी कायम डीन झालो आहे. शेठजींनी मला जवळ बसवून सांगितलं, "मास्तर, तीन पुढारी मी भोगले. चौथा मला नको होता. पण जाहिरातीत तसं लिहिता येतं का? काल त्या गृहस्थांनी एक हाक मारली आणि पन्नास माणसं गप्प झाली, तेव्हाच मी ठरवलं, हा माणूस घ्यायचा नाही." ठरावाचा मजकूर तुला उतरवून देतो:

"सदर गृहस्थांनी आजवर कोणाचेही नेतृत्व केलेले नाही, अशी ग्वाही भाजे येथील ग्रामस्थांनी एकमुखाने दिली आहे. त्यांच्या सांगण्यावरून कोणी थांबत नाही, बसत नाही व परतही जात नाही, हे समितीने समक्ष पाहिले. त्यांच्यापासून संस्थेस कोणताही धोका संभवत नाही. सबब त्यांस कायम करावे."

शालूबाई हे वाचून इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मला हसू आलं नाही. जागा मिळाली, पोटाची चिंता गेली, त्याचा आनंद आहे. पण असा ठराव माणसाने कुणाला दाखवावा? तो मी कपाटात ठेवला आणि वर्गावर गेलो. तिथे विद्यार्थ्यांना "लोकमत आणि नेतृत्व" शिकवायचं होतं. एक वाक्य बोललो, पुस्तक मिटलं आणि तास सोडून दिला. पोरांना वाटलं मला बरं नाही.

निजाम, तिकडे भात कापणीला आलं आहे. पुण्याहून येताना गाडीतून मी परवाच बघितलं, पिवळं होऊन आडवं पडतंय. असं उभं पीक टाकून ती माणसं पोराबाळांसकट चार कोस चालत आली. मी बोलावलं नव्हतं. उलट येऊ नका म्हणून लिहिलं होतं, तेही तू त्यांना वाचून दाखवलंस, आणि तरीही आली. जज्जसाहेबांना हे कळलं असतं तर माझं कुणी ऐकत नाही याचा आणखी एक पुरावा म्हणून त्यांनी तो आनंदाने जोडून घेतला असता.

तो मी त्यांना दिला नाही. माझा मी ठेवून घेतला आहे.

तुझा,
महिपती